टोकदार दातांचा म्हातारा

मी एक जुना चेन ट्रॅक्टर आहे. निदान सगळे तसं म्हणतात, म्हणून मीही तसं म्हणतो. मित्रांनो, ट्रॅक्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठी रबरी चाकं येतील. मला ती नाहीत. माझ्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्यांच्या दोन साखळ्या आहेत. त्या जमिनीवर पसरतात आणि मी त्यांच्यावरून चालतो, म्हणजे माझा रस्ता मी स्वतःच बरोबर घेऊन फिरतो. पुढे एक रुंद लोखंडी ब्लेड आहे, त्याने मी माती ढकलतो. कुणी मला डोझर म्हणतं, कुणी नुसतं चेन म्हणतं. दीपनगरला बंधाऱ्याच्या कामावर होतो तेव्हा वसाहतीतली मुलं मला रणगाडा म्हणायची. मी कुणावर कधी गोळा झाडला नाही, तरी त्यांनी ते नाव सोडलं नाही.

माझं वय मात्र विचारू नका. लाज वाटते म्हणून नव्हे, मला ते खरोखरच ठाऊक नाही. माझ्या अंगावर तासांचं एक मीटर आहे. मी किती तास राबलो ते त्याने मोजायचं. ते तीन हजार चारशे बारा तासांवर बंद पडलं. केव्हा पडलं हे कुणी पाहिलं नाही. त्यानंतर मी कितीतरी पावसाळे काढले, पण मीटरला विचाराल तर मी अजून तिथंच उभा आहे. माझ्या पाठीवर नंबराची एक पितळी पट्टी होती. ती आता आहे, पण ती माझीच आहे का, याची मला खात्री नाही. असं का, ते पुढे सांगतोच.

माझी पहिली आठवण जहाजाच्या पोटातल्या अंधाराची आहे. दुसरी एका धरणावरच्या उन्हाची. या दोन्हींच्या मध्ये काय झालं ते गेलं डोक्यातून. धरणावर मला 'मशीन नंबर अकरा' म्हणत. तिथंच मला हिलाल भेटला. तो शिंदखेड्याकडचा, मिसरूड फुटलेला तरणा गडी होता. बारदानाची घडी घालून तो माझ्या आसनावर बसायचा. सकाळी आल्या आल्या तो तेल मोजायची पट्टी ओढून काढायचा, ती धोतराला पुसायचा, पुन्हा बुडवायचा, आणि मगच मला चालू करायचा. मी गार असताना ज्याने मला हात लावला असा तो एकटाच माणूस होता. बाकीचे सगळे मी तापल्यावर यायचे.

धरणाच्या भिंतीवर शेवटची माती मी ढकलली. त्या दिवशी माझ्या ब्लेडवर नारळ फोडला, हार घातला, आणि एका साहेबांनी भाषणात 'या यंत्राने' असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं. मला फार बरं वाटलं. पुढे दीपनगरचं काम झालं, मग नरडाण्याला कारखान्यांसाठी माळ सपाट करायचं काम आलं. त्या वेळचा माझा मालक ठेकेदार होता. काम संपलं तसा तो निघून गेला आणि मी माळाच्या कोपऱ्यात राहिलो. मला वाटलं, जेवायला गेले असतील, येतील. दोन वर्षं कुणी आलं नाही. पलीकडच्या झोपडीतल्या भिकुबाईने माझ्या धुराड्याला दोरी बांधून त्यावर लुगडी वाळत घातली. म्हणजे त्या दोन वर्षांत मी ट्रॅक्टर होतो की खांब, हेही धड सांगता येत नाही. पण भिकुबाई लुगडं झटकताना माझ्याशी बोलायची, त्यामुळे मला ते दिवस अगदीच वाईट वाटत नाहीत.

मग मला रतिलालने नेलं. धुळ्याबाहेर मोठ्या रस्त्यावर त्याचं आवार होतं. जुनी यंत्रं भंगाराच्या भावात घ्यायची आणि उभी करून विकायची, हा त्याचा धंदा. माझ्याशेजारी माझ्यासारखाच आणखी एक मरून पडला होता. त्याचं इंजिन माझ्यात आलं. चेन ज्यांच्यावरून सरकते ते त्याचे काही रोलरही माझ्यात आले. नंबराची पट्टीही बहुधा त्याचीच असावी, कारण तिचा एक खिळा वाकडा आहे आणि माझा वाकडा नव्हता असं मला वाटतं. तेव्हापासून मला खोकला आला की हा माझा खोकला की त्याचा, हे मला समजत नाही. तुम्हीच सांगा, अर्धा मी आणि अर्धा तो, मग ज्याला हार घातला तो कोण?

त्यावर रतिलालने मला पिवळा रंग लावला. ग्रीसवर लावला, चिखलावर लावला, ब्लेडच्या भुजेला पडलेल्या चिरेवर तर दोनदा लावला. माझी चेन झिजून लांबली होती आणि लुगड्याच्या दोरीसारखी खाली लोंबत होती. चेनच्या आतलं पुढचं चाक जितकं पुढे सरकेल तितकं सरकवून त्याने ती ताठ केली. मला पाठीत कळ यायला लागली, पण दिसायला मी असा कसलेला दिसू लागलो की विचारू नका. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहायचे. रतिलाल त्यांना सांगायचा, "नव्यासारखं आहे. एका हाताखाली चाललेलं." पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी गोंधळलो. आठ दिवसांनी मला ते पटायला लागलं. महिन्याने मी स्वतःलाच नवा समजू लागलो.

हिलाल आता रतिलालकडेच कामाला होता. त्याचे केस पांढरे झाले होते. तो माझ्याकडे यायचा, पट्टी ओढून पाहायचा, आणि काही न बोलता जागेवर ठेवायचा. तो माझी स्तुती का करत नाही, याचा मला थोडा रागच आला होता.

एक्क्याण्णव सालच्या चैत्रात दोन माणसं मला पाहायला आली. एक तोताराम आबा, आणि दुसरी त्यांची सून सुनंदाबाई. रावेरकडे तापीच्या काठी त्यांची आठ बिघे जमीन होती, पण सगळी घळींनी फाटलेली. पाणी होतं, माती सोन्यासारखी होती, पण पाय ठेवायला सपाट जागा नव्हती. सुनंदाबाईचा नवरा पितांबर सुरतेला कापडाच्या गिरणीत होता. त्याने पत्र पाठवलं होतं, की या पावसाळ्यात तिथं केळी लागली तर ठीक, नाहीतर जमीन विकून सगळ्यांनी सुरतेला यावं. सुनंदाबाईला सुरतेची ती एक खोली माहीत होती. तिला जायचं नव्हतं. आबांना तर मुळीच जायचं नव्हतं. म्हणून घरची बैलजोडी विकून ते माझ्यापाशी आले होते.

आता हे आबा कोण, ते सांगायला हवं. पाचोऱ्याकडच्या बैलबाजारात आबांच्या नजरेला मोठा मान होता. लांबलांबचे लोक बैल घेताना त्यांना बरोबर नेत. आबा बैलाचा जबडा उघडून दात पाहत, खूर पाहत, पाठीवरून हात फिरवत आणि वीस पावलं चालवून घेत. मग ते जे बोलत ते खरं निघे. चाळीस वर्षांत त्यांचा एकही बैल चुकला नव्हता. त्यामुळे यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या कुणाला बरोबर न्यावं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यांनी मला बैलासारखंच पाहिलं. आधी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग ते मागे वाकले. तिथं माझं दातेरी चाक आहे. त्याचे दात चेनमध्ये अडकतात आणि चेन फिरवतात. आबांनी दातांवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सुनंदा, दात पहाय याचे. कसे टोकदार आहेत! जनावर अजून कोवयं आहे."

मित्रांनो, इथं मी हबकलो. बैलाचे दात म्हातारपणी घासून सपाट होतात, हे आबांचं बरोबर. पण माझं उलटं आहे. नवा होतो तेव्हा माझे दात रुंद आणि बोथट होते. चेनच्या घासण्याने ते झिजत झिजत काट्यासारखे टोकदार झाले. टोकदार म्हणजे संपलेले. हे मला धरणावर असल्यापासून माहीत होतं. पण समोर चाळीस वर्षांचा जाणता माणूस उभा होता आणि मला कोवळा म्हणत होता. महिनाभर रतिलाल तेच सांगत होता. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तर तीच खरी असेल, असं मला वाटलं. आपलंच काहीतरी चुकत असेल.

आबांनी ताठ चेनवर थाप मारली. "पोट सुटलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांनी मला चालवून दाखवायला सांगितलं. हिलालने मला वीस पावलं सरळ पुढे नेलं, वीस पावलं सरळ मागे आणलं. मी लंगडलो नाही. आवार इतकं अरुंद होतं की वळवायची वेळच आली नाही. वळवायला सांगितलं असतं तर माझा उजवा दांडा ओढूनही मी उजवीकडे वळत नाही, हे दिसलं असतं. बैल विकत घेताना त्याला कुणी गोल वळवून पाहत नाही. आबांनीही पाहिलं नाही.

मग आबांनी त्यांचा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. बाजारात ते तो प्रत्येक विकणाऱ्याला विचारायचे.

"याच्या पाठीवर हात ठेव, शेठ, अन सांग. याले काही खोड आहे का?"

रतिलालने हसत माझ्या पाठीवर पंजा ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चटकाच बसला होता. गिऱ्हाईक येणार म्हणून त्याने मला सकाळीच तासभर चालू ठेवून तापवलं होतं. गार असताना मी फार आढेवेढे घेतो, काळा धूर सोडतो, चालू होता होता दोनदा मरतो. तापलो की मुकाट उठतो.

"काही खोड नाही, आबा," रतिलाल हात झटकत म्हणाला.

आता सुनंदाबाई पुढे आली. "चाळीस पावलं तर चाललं हे, मंग एवढं तापलं कशानं?"

"ताई, धुळ्याचं ऊन आहे हे. पत्र्यावर पापड भाजून घ्यावेत."

मला वाटलं, खरंच, ऊनच असेल. सुनंदाबाईने हिलालकडे पाहिलं. हिलाल स्वतःच्या पायांकडे पाहत होता. तिला आणखी विचारायचं होतं, पण आबांनी खांद्यावरचा रुमाल काढून रतिलालच्या हातावर टाकला होता. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची बैलबाजारातली रीत. रतिलालने ती खुशीने पाळली. माझी किंमत किती ठरली ते मला आजवर कळलं नाही. रुमालाखाली काय चाललंय हे मला दिसत नव्हतं.

ट्रकमधून मला तापीकाठी आणलं. मला चालवायला आणि ते आबांना शिकवायला महिनाभर हिलालही आला. गावच्या बायकांनी माझ्या ब्लेडला कुंकू लावलं. मंदाबाई नावाच्या शेजारणीने तर भाकरीचा तुकडा माझ्या धुराड्यापाशी धरला. बैल आणला की देतात, म्हणून. मी तो खाल्ला नाही, तेव्हा तिला वाईट वाटलं असावं.

पहिले आठ दिवस मी सरळ सरळ कामं केली. वरच्या अंगाची दोन बिघे सपाट झाली. सुनंदाबाई रोज संध्याकाळी त्या सपाट मातीवर अनवाणी चालायची आणि पावलं मोजत तोंडातल्या तोंडात म्हणायची, इथं एक खोड, इथं एक खोड. केळीची रोपं कुठं येतील ते ती पाहत असायची. तिचं ते चालणं पाहून मला आपण नवेच आहोत असं वाटायचं. पण चेनमधून मधूनच 'ठाक' असा आवाज यायचा. दात चेनवरून घसरायचा. हिलालचा चेहरा त्या आवाजाने उतरायचा.

नवव्या दिवशी आम्ही मोठ्या घळीत उतरलो. आबा माझ्यापुढे चालत होते. बैलांच्या पुढे चालून वाट दाखवायची त्यांना सवय होती, आणि कितीही सांगितलं तरी ती सुटत नव्हती. उतारावर हिलालला मला वळवायचं होतं. त्याने दांडा ओढला, मी वळलो नाही. त्याने जोराने ओढला, तेव्हा मी एकदम झटका खाऊन वळलो. माझी डावी चेन त्या टोकदार दातांवरून सुटली आणि जमिनीवर पडली. एका अंगाला आता मला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. मी घसरलो. मला थांबायचं होतं. कसं थांबायचं ते मला कळेना. पुढे आबा होते, पाठमोरे.

"आबा!" सुनंदाबाई काठावरून ओरडली.

हिलालने सगळा जोर लावून ब्लेड खाली सोडलं. ते मातीत रुतलं. मी थांबलो तेव्हा ब्लेड आणि आबांचा पाय यांच्यात वीतभर अंतर होतं. आबा वळले, ब्लेडकडे पाहिलं, आणि तिथंच मातीत खाली बसले.

हिलाल उतरून आला. तो आबांपुढे बसला आणि म्हणाला, "आबा, माले बठ्ठं माहीत व्हतं. मी बोलनू नही. याना दात गयात. टोकदार व्हयनात म्हंजे घसाई गयात. नवा ऱ्हातस तवय ते रुंद ऱ्हातस. चेन बी लांबी गयी, ती ताणी ठेयेल शे. उजवा दांडा काम करत नही. सकायले तापाडी ठेयेल व्हतं."

तो बोलत राहिला आणि मी ऐकत राहिलो. म्हणजे मी नवा नव्हतो. मला ते माहीत होतं, आणि तरी ऐकताना मला नवल वाटत होतं.

आबा म्हणाले, "म्हंजे मी दात पाहून म्हातारा बैल कोवया म्हनून घेतला."

"आबा, हाऊ बैल नही," हिलाल म्हणाला.

"ते मले आता कयलं."

सुनंदाबाई घळीत उतरून आली. जोडी गेली होती, मृगाला महिना राहिला होता, सहा बिघे तशीच फाटलेली होती, आणि पितांबरचं पत्र ओट्यावरच्या फळीवर होतं. रतिलालला शिव्या द्यायला तिच्यापाशी वेळ नव्हता. तिने हिलालला एवढंच विचारलं, "आता याचं काय होतं, ते सांग. काय होत नाही, तेबी सांग."

माझ्याबद्दल असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. विकणारे मी काय करतो ते सांगत आणि घेणारे तेच ऐकत. मी काय करू शकत नाही, याची चौकशी तिने पहिल्यांदा केली.

हिलालने डोकं खाजवत सांगितलं. माझे दात एकाच अंगाने झिजले होते, पुढे चालताना ज्या अंगाला चेन ओढते त्या अंगाने. डावं दातेरी चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं तर दातांचं न वापरलेलं अंग कामाला येतं. चेनचे दुवे जोडणाऱ्या पिना आणि त्यांच्यावरच्या नळ्या, म्हणजे बुश, अर्धा फेरा फिरवले तर त्यांचीही न झिजलेली बाजू वर येते. एक हंगाम निघेल. दुसरा निघेल की नाही, ते सांगता येत नाही. आणि उतारावर आडवं चालायचं नाही, म्हणजे नाही.

माझी चेन गावातल्या दुसऱ्या कुणाच्या बैलगाडीतून रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून ट्रकने जळगावला एका वर्कशॉपात. माझ्यापायी आबांचे बैल गेले होते, आणि आता माझी चेन बैलच ओढत होते. आबा गाडीमागे खाली मान घालून चालत गेले. बाजारातल्या लोकांना ही गोष्ट कळली होती. ओळखीचे लोक त्यांना विचारायचे, "काय आबा, दात मोजले का?" आबा हसायचे. ते हसू बघवत नसे.

बारा दिवसांनी चेन परत आली. हिलालने आणि आबांनी मिळून दातेरी चाकांची अदलाबदल केली आणि ती चढवली. आबांनी तेलात हात घातले, पिना ठोकल्या, आणि रुंद दात कसा दिसतो ते हिलालकडून दोनदा समजून घेतलं. सकाळी मी गार असताना आता आबा स्वतः यायचे. पट्टी ओढायचे. तेल दुधासारखं झालंय का, म्हणजे त्यात पाणी शिरलंय का, ते पाहायचे. मला चालू केल्यावर तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढून त्यातून किती धूर येतो, तेही पाहायचे. फार येतो. तो माझा की त्या दुसऱ्याचा, हे त्यांनी विचारलं नाही, त्यामुळे मला बरं वाटलं.

पाऊस आला तेव्हा आठातली पाच बिघे सपाट झाली होती, आणि हिलाल आबांना मला चालवायला शिकवून परत गेला होता. सुनंदाबाईने पाच बिघ्यांत केळी लावली. उरलेल्या तीन बिघ्यांतल्या घळी तशाच राहिल्या. पितांबर सुरतेहून आला, त्याने कोंबांच्या रांगा पाहिल्या, एका रोपाजवळ वाकून त्याची माती दाबली, आणि म्हणाला, "राहू द्या. विकत नाही." तो एकटाच परत गेला. सुनंदाबाई आणि आबा राहिले.

पुढच्या वर्षी केळी कापून झाली आणि घरात पुन्हा बैलांचं बोलणं सुरू झालं. आबांचं मन बैलांशिवाय लागत नव्हतं. रिकाम्या गोठ्यात ते रोज झाडू मारायचे. मला विकलं तर त्यात एक चांगली जोडी आली असती. शिंदखेड्याकडचा झुलाल नावाचा शेतकरी मला पाहायला आला. त्यालाही माळ सपाट करायचा होता. पूर्वी आबांनीच त्याला बैल निवडून दिले होते, आणि ते नावाजलेले निघाले होते. त्याने माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ आबांपुढे बसला.

"आबा, माले मशीनमधलं काही समजत नही. तुमना डोयावर मना भरोसा शे. तुम्ही चांगलं म्हना, मी लेस."

मी आबांकडे पाहत होतो. दारात सुनंदाबाई उभी होती. आबांनी 'चांगलं आहे' एवढं म्हटलं असतं तर पोळ्याला गोठ्यात जोडी उभी राहिली असती. आणि मला ते ऐकायला आवडलंही असतं, खोटं कशाला बोलू.

आबा उठले. त्यांनी झुलालचा हात धरला आणि त्याला माझ्यामागे आणलं.

"हे दात पाहय. दोन्ही अंगांनी वापरून झाले. आता यांच्यात काही नाही. ही चेन एकदा फिरवलेली आहे, दुसऱ्यांदा फिरत नाही. हे रोलर गयतात, खाली तेल पाहय. ब्लेडच्या भुजेले इथं चीर आहे, रंगाखाली आहे म्हनून दिसत नाही, हात लाव म्हंजे लागते. उजवा दांडा अर्धाच काम करतो. मीटर बंद आहे, त्याच्यावर भरोसा ठेवू नको. इंजिन दुसऱ्याचं आहे. अन हात लाव, पाहय, गार आहे ना? आता चालू करतो. कसा खोकतो ते ऐक, मंग बोल."

त्यांनी मला चालू केलं. मी दोनदा मेलो, तिसऱ्यांदा उठलो, काळा धूर सोडला, खोकलो. आबांनी काहीच लपवलं नाही, म्हणून मीही लपवलं नाही. झुलालने सगळं ऐकलं, माझ्याभोवती एक चक्कर मारली, आबांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "आबा, हाई मना कामनं नही." तो निघून गेला.

आबा गोठ्याकडे पाहत उभे राहिले. सुनंदाबाईने आतून चहा आणला आणि त्यांच्या हातात दिला. "थंडा होईन," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आबा पट्टी पुसत माझ्याकडे आले, आणि आम्ही उरलेल्या घळीतली पहिली माती ढकलायला घेतली, सरळ सरळ, उतार टाळून, जमेल तेवढी.

मित्रांनो, त्या दिवशी मी विकला गेलो नाही आणि आबांची जोडी आली नाही. तरी इतक्या वर्षांत मी कोण आहे हे मला पहिल्यांदा नीट कळलं, कारण माझ्या सगळ्या खोडी कुणीतरी माझ्यासमोर उभं राहून खऱ्या खऱ्या सांगितल्या. तुम्ही मोठे व्हाल, कधी एखादं जुनं यंत्र घ्याल. तेव्हा सकाळी लवकर जा, ते गार असताना त्याला हात लावा. त्याला वळवून पाहा, आणि जो ते रोज चालवतो त्याला विचारा. घेतल्यावर रोज त्याचं तेल पाहा. आणि कधी आमच्यासारख्याला विकायची वेळ आलीच, तर कृपा करून चिरेवर रंग लावू नका. घेणारा फसतोच, पण आम्हाला स्वतःलाही तो रंग खरा वाटायला लागतो.